घोड्याला वैद्य कोण?

केदारनाथ मंदिराचे दरवाजे २ मे २०२५ रोजी उघडले आणि पहिल्या आठवड्यातच गौरीकुंडाहून वर जाणाऱ्या वाटेवर घोडी-खेचरे कोसळू लागली. दोन दिवसांत चौदा जनावरे दगावली. उत्तराखंड सरकारला चोवीस तासांसाठी त्यांची ये-जा बंद ठेवावी लागली आणि तज्ज्ञांची पथके घाईघाईने डोंगराकडे निघाली. संकटाची चाहूल आधी लागली नव्हती, असे मात्र नाही. एप्रिलमध्येच रुद्रप्रयाग जिल्ह्यात घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची लक्षणे दिसली होती आणि सुमारे सोळा हजार जनावरांची तपासणी करण्यात आली होती. ज्यांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा सापडल्या, त्यांची पुढची चाचणी नकारार्थी आली. कागदोपत्री सारे ठीक होते. यात्रा सुरू झाली आणि घोडे मेले.

या घटनेकडे केवळ साथीची बातमी म्हणून पाहणे सोयीचे असले, तरी ते पुरेसे नाही. तपासणीत प्रश्न विचारला जातो तो एवढाच की जनावराच्या अंगात विषाणू आहे की नाही. ते जनावर पाठीवर माणूस घेऊन सोळा किलोमीटरहून अधिक चढण चढण्याच्या अवस्थेत आहे का, हा सर्वस्वी निराळा प्रश्न. फ्लूतून उठलेल्या घोड्याची श्वासनलिका भरून यायला काही आठवडे लागतात. ताप जितके दिवस राहिला, त्यातील प्रत्येक दिवसामागे एक आठवडा विश्रांती, असा अश्ववैद्यकातील सर्वसाधारण दंडक आहे. ज्याची वर्षाची कमाई यात्रेच्या सहा महिन्यांत गोळा व्हायची असते, त्या घोडेवाल्याला हा दंडक कोणी सांगितला होता का? आणि सांगितला असता, तर तो पाळणे त्याला परवडले असते का?

केदारनाथच्या वाटेवर दरवर्षी मराठी यात्रेकरूंची संख्या मोठी असते. त्यामुळे ही बातमी महाराष्ट्रातही वाचली गेली, दोन दिवस हळहळ व्यक्त झाली आणि विषय संपला. वास्तविक हाच प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या उंबरठ्यावर उभा आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरल्याबरोबर समोर येतो तो घोडा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि पाचगणीच्या टेबललँडवर मुलांना फिरवून आणतो तोही घोडाच. लग्नसराईत बँडच्या गदारोळात, जनरेटरच्या दिव्यांमागून नवरदेवाला घेऊन चालते ती घोडी. शहरी माणसाचा घोड्याशी संबंध उरला आहे तो असा, अर्ध्या तासाचा आणि भाड्याचा. त्या अर्ध्या तासाआधी आणि नंतर त्या जनावराचे काय होते, याची चौकशी करण्याचे कारण त्याला पडत नाही.

देशातील घोड्यांची संख्या किती वेगाने घटत आहे, याचीही फारशी चर्चा झालेली नाही. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक घट झाली. गाढवे आणि खेचरे यांची घसरण तर याहून तीव्र आहे. टांगे गेले, वीटभट्ट्यांवर ट्रॅक्टर आले, डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत रस्ते पोहोचले, ही कारणे उघड आहेत आणि त्यात खेद करण्यासारखे फारसे काही नाही. परंतु संख्या घटली की त्या जनावराभोवतीचे ज्ञानही विरून जाते. नालबंद मिळेनासा होतो, खोगीर शिवणारा कारागीर दुसऱ्या धंद्याला लागतो, सरकारी दवाखान्यातील डॉक्टरच्या हाताखालून वर्षाकाठी दोन-चार घोडे जातात आणि त्याचा हात बसत नाही. जे घोडे उरतात, त्यांच्या वाट्याला पूर्वीपेक्षा अधिक काम आणि पूर्वीपेक्षा कमी जाणकारी येते.

महाराष्ट्रात घोड्यांविषयीचा सार्वजनिक वाद गेली वीस वर्षे एकाच खुंट्याभोवती फिरत राहिला आहे. एका बाजूला प्राणिमित्र, ज्यांची मागणी बंदीची. दुसऱ्या बाजूला घोडेमालक, ज्यांचा मुद्दा पोटाचा. मुंबईतील व्हिक्टोरियांच्या बाबतीत हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि ८ जून २०१५ रोजी न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. घोड्यांचे तबेले परवान्याविना होते आणि त्यांची अवस्था दयनीय होती, हे त्या सुनावणीतून पुढे आले. निकाल योग्यच होता. डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या धुरात, पाण्यावाचून तासन् तास उभ्या राहणाऱ्या घोड्यांची बाजू घेणे कोणालाही कठीण होते. २०२१ मध्ये त्याच गाड्यांचे विजेवर चालणारे रूप मुंबईच्या रस्त्यावर आले, त्याचे कौतुकही झाले. मात्र व्हिक्टोरियांना जुंपले जाणारे घोडे पुढे कोठे गेले, कोणाच्या हाती पडले, याचा माग ठेवण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. बंदीने गाडी थांबते. घोड्याला मात्र रोज खायला लागतेच.

माथेरानचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. मोटारगाड्यांना तेथे मज्जाव आहे आणि म्हणूनच घोडा हा तेथे केवळ करमणुकीचा विषय नाही. तो वाहतुकीचा कणा आहे. प्रवासी वाहणाऱ्या परवानाधारक घोड्यांची संख्या साडेचारशेच्या घरात सांगितली जाते. सामान वाहणारी जनावरे वेगळी. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, अश्वपालांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात लढवले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. त्याच निकालात रस्त्यांचाही निवाडा झाला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवण्यास मुभा मिळाली. अंतर्गत रस्ते आणि पायवाटांवर ते बसवू नयेत, असे बजावण्यात आले.

या पेव्हर ब्लॉकवरून माथेरानमध्ये जे रण माजले, त्याकडे बाहेरच्यांनी स्थानिक राजकारण म्हणून पाहिले. राजकारण त्यात होतेच. परंतु घोडेवाल्यांचा आक्षेप निव्वळ स्पर्धेच्या भीतीपोटी होता, असे म्हणता येणार नाही. लोखंडी नाल ठोकलेला खूर तांबड्या मातीत थोडा रुततो आणि तेथेच त्याला पकड मिळते. पावसाने गुळगुळीत झालेल्या सिमेंटच्या ठोकळ्यावर तोच खूर घसरतो. शिवाय कठीण पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रत्येक पावलाचा हादरा खुराच्या आतील नाजूक पडद्यांना आणि वरच्या सांध्यांना सोसावा लागतो. दुसऱ्या बाजूने, दर पावसाळ्यात मातीचे रस्ते वाहून जातात, ही तक्रारही खोटी नाही. अशा वादात घोड्याच्या पायाचा जाणकार कोठे तरी साक्षीला उभा असायला हवा होता. सार्वजनिक चर्चेत जो आवाज उमटला तो एकतर मालकाचा, नाहीतर विरोधकाचा. घोड्याच्या वतीने बोलणाऱ्या वैद्याचा आवाज त्यात ऐकू आला नाही.

खुराचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबायला हवे, कारण कामाच्या घोड्याच्या बहुतांश दुखण्यांची सुरुवात तेथे होते. खूर नखाप्रमाणे सतत वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, वाढलेला भाग कापून, घासून, पातळी सारखी करून पुन्हा नाल ठोकावी लागते. खर्च वाचवण्यासाठी मालक ही मुदत लांबवतो. पुढचा भाग लांबतो, टाच दबते, पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो आणि घोडा हळूहळू लंगडू लागतो. काही ठिकाणी खूर नालेच्या मापाने कापला जातो. वास्तविक नाल खुराच्या मापाने वाकवायची असते. खिळा थोडा आत गेला की जिवंत भागाला लागतो, तेथे पू धरतो. जखमेतून धनुर्वाताचा जंतू शिरतो. धनुर्वाताला घोड्याइतके हळवे जनावर पाळीव प्राण्यांत दुसरे नाही. लस स्वस्त आहे, जुनी आहे आणि प्रभावी आहे. तरीही ती टोचून घेण्याची शिस्त कामाच्या घोड्यांच्या बाबतीत पाळली जातेच असे नाही. लंगड्या पायावर तापलेल्या सळईने डाग देण्याचा अघोरी उपाय अजूनही अनेक तबेल्यांतून श्रद्धेने केला जातो. त्याने दुखणे बरे होत नाही, फक्त जुन्या वेदनेवर नवी वेदना चढते.

मराठीत घोड्यांच्या वैद्याला ‘शालोत्री’ असा शब्द होता. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्यकाच्या आचार्याच्या नावावरून तो आला. मोतद्दार, खरारा, चंदी, पागा हे शब्दही घरोघरी कळत असत. ज्या प्रदेशाच्या इतिहासाची अर्धी पाने घोड्यांच्या टापांनी भरली आहेत, तेथे आज हे शब्द ऐतिहासिक कादंबऱ्यांपुरते उरले आहेत. दख्खनच्या पठारावरील भीमथडी घोड्याला देशी जातींच्या नोंदवहीत अधिकृत स्थान मिळाले, तेही अगदी अलीकडे. तोवर मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर चालणारे ते काटक तट्टू कोणाच्या खिजगणतीत नव्हते.

आता पोटाकडे वळू. घोड्याची पचनसंस्था निसर्गाने दिवसभर थोडे थोडे गवत चरण्यासाठी घडवली आहे. जठर शरीराच्या मानाने लहान, मोठे आतडे प्रचंड आणि वळणावळणाचे. त्यातच घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेले ते पुढेच सरकायला हवे. कामाच्या घोड्याला दिवसभर उपाशी ठेवून संध्याकाळी एकदम भरडलेले धान्य घातले, तर पोट फुगते, आतडे अडते किंवा पिळते. यालाच पोटशूळ म्हणतात. घोडा जमिनीवर लोळतो, पोटाकडे वळून वळून पाहतो, घामाने निथळतो. पहिल्या काही तासांत उपचार मिळाला तर बहुतेक घोडे वाचतात. आतड्याला पीळ पडला असेल आणि शस्त्रक्रियेची सोय नसेल, तर मृत्यू अटळ असतो. रेसकोर्सवरील घोड्याला ही सोय आहे. डोंगरमाथ्यावरच्या भाड्याच्या घोड्याला ती स्वप्नवत आहे.

पाण्याचे गणितही असेच दुर्लक्षित. मध्यम चणीच्या घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते; उन्हात काम असेल तर त्याच्या दुप्पटही. दिवसात दोनदा बादली दाखवून ही गरज भागत नाही. आणखी एक धोका तर अनेक मालकांच्या गावीही नसतो. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे द्रव्य मिसळलेले असते. गाई ते पचवतात, घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना मात्र ते अल्प मात्रेतही निकामी करते. शेजारच्या गोठ्यातले उरलेले पोते स्वस्तात मिळाले म्हणून घोड्यापुढे रिकामे करणाऱ्याला त्या पोत्यावरचा बारीक मजकूर कोणी वाचून दाखवलेला नसतो.

इथवरची दुखणी घोड्याची आणि त्याच्या मालकाची. ग्लँडर्सची गोष्ट मात्र शहराच्या आरोग्याशी थेट जोडलेली आहे. बर्खोल्डेरिया मॅलिआय या जिवाणूमुळे होणारा हा रोग घोड्यांकडून माणसाला होऊ शकतो आणि वेळीच उपचार न मिळाल्यास जीवघेणा ठरतो. नाकातून चिकट स्राव, कातडीवर गाठी व व्रण, फुफ्फुसात गळवे अशी त्याची लक्षणे. काही घोडे वरवर धडधाकट दिसतात आणि महिनोन् महिने जंतू पसरवत राहतात. एकाच हौदावर पाणी पिणे, एकाच तोबऱ्यात खाणे, एवढे संसर्गाला पुरते. लस नाही. बाधित घोड्यावर उपचार करण्यास मनाई आहे. त्याला दयामरण देऊन पुरावे लागते. इंग्रज सरकारने या रोगासाठी १८९९ मध्ये स्वतंत्र कायदा केला होता. २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्याने त्याची जागा घेतली.

देशातून जवळपास नाहीसा झाल्यासारखा वाटणारा हा रोग २००६ मध्ये पुन्हा उफाळला, तो महाराष्ट्रात. पुणे आणि पाचगणी येथील घोड्यांत तो सापडला आणि नंतरच्या वर्षांत उत्तर भारतातील अनेक राज्यांतून त्याच्या नोंदी येत राहिल्या. पाचगणीत तो सापडावा, याचा अर्थ शहरी वाचकाने नीट समजून घ्यायला हवा. ज्या घोड्यांवर सुट्टीतली मुले बसतात, त्याच घोड्यांत तो होता. त्यानंतर चाचण्या सुधारल्या. हिस्सारच्या केंद्राने एलायझा चाचणी विकसित केली, राष्ट्रीय कृती आराखडा आला आणि २०२५ मध्ये त्यात सुधारणाही झाली. बाधित क्षेत्राची त्रिज्या पाच किलोमीटरवरून दोनवर आणण्यात आली आणि देखरेखीचा परीघ पंचवीसवरून दहा किलोमीटरवर.

परंतु या साऱ्या व्यवस्थेचे यश एका माणसाच्या निर्णयावर अवलंबून आहे आणि तो माणूस म्हणजे घोडेवाला. घोड्याच्या नाकातून स्राव येऊ लागल्यावर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. सरकारी डॉक्टरला कळवायचे, रक्ताचा नमुना द्यायचा, निकाल विरुद्ध गेला तर घोडा गमवायचा, भरपाईसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या आणि दरम्यान परिसरातील सर्वच घोड्यांचे काम बंद पाडल्याचा शेजाऱ्यांचा रोष ओढवून घ्यायचा. किंवा रात्रीतून घोडा टेम्पोत चढवून दुसऱ्या जिल्ह्यातील व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने विकायचा. दुसरा मार्ग गुन्हा आहे. परंतु पहिला मार्ग धरणाऱ्याला व्यवस्था कसे वागवते, यावर दुसऱ्याचे प्रमाण ठरते. परिघाची त्रिज्या कमी करणे हे म्हणूनच योग्य दिशेचे पाऊल होय. शेजाऱ्यांचे नुकसान जितके कमी, तितकी लपवाछपवी कमी. भरपाई बाजारभावाच्या जवळ जाणारी आणि काही दिवसांत हाती पडणारी असायला हवी. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ही रक्कम नगण्य आहे, कारण बाधित घोड्यांची संख्याच मुळात थोडी असते.

मग घोडेवाल्याला हे सारे शिकवायचे कोणी? महाराष्ट्रात पशुवैद्यकाची परंपरा लहान नाही. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये स्थापन झाले. अभ्यासक्रमात घोडा आहे, परंतु पशुवैद्यकाची नोकरी आणि व्यवसाय दोन्ही गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि अलीकडे शहरातील कुत्र्या-मांजरांभोवती फिरतात. त्यात गैर काही नाही. राज्याची गरजच ती आहे. मात्र याचा परिणाम असा की घोड्यांचे उत्तम वैद्यक महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सच्या कुंपणात, स्टड फार्मवर आणि लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये एकवटले आहे. कुंपणाच्या आत क्ष-किरण आहेत, रक्तचाचण्या आहेत, प्रत्येक घोड्याची लसनोंद आहे. कुंपणाबाहेर औषधाच्या दुकानातून आणलेले वेदनाशामक इंजेक्शन आणि ‘बघू उद्या’.

या दोन जगांमधील दरी किती रुंद आहे, हे क्रीडाक्षेत्रातील एका घडामोडीने दाखवून दिले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले. अश्वारोहणात १९८२ नंतर आलेले ते पहिले सुवर्ण. संघात मुंबईचा हृदय छेडा होता. या चौघांनी तयारी केली ती युरोपात आणि त्यांचे घोडेही तेथलेच. भारतातील घोड्यांना परदेशी स्पर्धांचा मार्ग सहजी खुला नव्हता, कारण रोगमुक्ततेविषयी जगाला द्यावी लागणारी हमी आपल्याकडे नव्हती. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतील लष्कराच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली, तेव्हा ही कोंडी पहिल्यांदा फुटली. ग्लँडर्स, सर्रा, इन्फ्लुएंझा यांसह पाच रोगांपासून हा कक्ष मुक्त मानला जातो. कामगिरी अभिमानाचीच आहे. पण ‘कक्ष’ या शब्दातच त्याचा अर्थ दडला आहे. देश रोगमुक्त करता येत नाही म्हणून त्यातील एक आवार रोगमुक्त राखायचे, अशी ही व्यवस्था. आवाराबाहेरच्या साडेतीन लाख घोड्यांना तिचा थेट लाभ नाही.

समाजाला घोड्यांचे काही देणे लागते, हे सांगण्यासाठी भावनेला हात घालण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर दिली जाणारी लस घोड्याच्या रक्तातून तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम पिढ्यान् पिढ्या केले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची १९६६ मधील सुरुवातही घोड्यांपासून झाली. पूनावालांच्या स्टड फार्मवरील निवृत्त घोडे हाफकिनकडे जात, त्यातूनच लसनिर्मिती स्वतः करण्याची कल्पना निघाली. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या शेतात सर्पदंश झालेला जो माणूस तालुक्याच्या रुग्णालयातून जिवंत घरी परततो, तो कोठल्या तरी घोड्याच्या कृपेने.

प्रशिक्षणाकडे परत येऊ. जगभरात कष्टकरी घोड्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये ब्रूक ही जुनी. १९३४ मध्ये कैरोत तिची सुरुवात झाली आणि भारतात ती नव्वदच्या दशकात आली. उत्तर प्रदेशातील वीटभट्ट्या आणि टांगाअड्ड्यांवर तिने जे केले, त्यातून निघालेला धडा महत्त्वाचा आहे. आरंभी फिरत्या दवाखान्यातून फुकट उपचार करण्यावर भर होता. रुग्ण संपत नव्हते. तेच घोडे त्याच जखमा घेऊन परत येत. पाठीवरची जखम मलमाने भरत होती आणि तेच टोचणारे खोगीर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उघडत होते. त्यानंतर पद्धत बदलली. घोडेमालकांचे गट बांधले गेले. तुम्ही घोडा असता तर मालकाकडून काय अपेक्षा केली असती, असा साधा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. पाणी, सावली, न टोचणारे खोगीर, मार न खाणे, अशी उत्तरे मालकांनीच दिली आणि मग एकमेकांच्या घोड्यांना गुण देत त्यांनी स्वतःच तपासणी सुरू केली. गटाने मिळून धान्य आणि लसी घेतल्या की खर्चही उतरतो. उपदेशाने जे साधत नाही, ते शेजाऱ्याच्या नजरेने साधते.

घोडेवाल्याला डॉक्टर करायचे नाही. त्याला फार थोड्या गोष्टी यायला हव्यात. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजता यावी. निरोगी, विश्रांत घोड्याची ती मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीसच्या दरम्यान असते. तापमान कसे पाहायचे आणि साडेअडतीस अंश सेल्सियसच्या वर पारा गेला की काम थांबवायचे, हे कळावे. हिरडी बोटाने दाबून तिचा रंग किती वेळात परततो ते पाहावे. चामडी चिमटीत धरून सोडावी; ती लगेच सपाट झाली नाही तर पाणी कमी पडले आहे. पोटशूळात डॉक्टर येईपर्यंत खाणे बंद ठेवावे आणि कोणाच्याही सांगण्यावरून घशात तेल ओतू नये. एवढे ज्ञान एका आठवड्यात देता येते. आठवडाभर धंदा बंद ठेवणाऱ्याला त्या दिवसांची मजुरी देण्याची तयारी मात्र हवी. कोणत्याही खात्याच्या योजनेत नेमकी हीच तरतूद गळते. अनेक घोड्यांचा मालक एक असतो आणि त्यांना हाताळणारा पोरगा दुसराच. प्रमाणपत्र मालकाच्या नावाने निघते, घोडा पोराच्या हाती राहतो. शिकवायचे ते त्या पोराला.

नालबंदांचे काय, हा प्रश्न याहून बिकट. लष्कराबाहेर हे कौशल्य बापाकडून मुलाकडे जाते आणि मुलांना त्यात रस राहिलेला नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जोडारी आणि तारतंत्री घडवणाऱ्या राज्याला वर्षाला वीस-पंचवीस नालबंद घडवणे अशक्य नाही. एक चांगला नालबंद शंभर-दीडशे घोड्यांचे पाय सांभाळू शकतो, म्हणजे माथेरानसारख्या ठिकाणाला तिघे-चौघे पुरेत.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर नियम आहेत, पण त्यांना दात नाहीत. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत तट्टावर सत्तर किलोपेक्षा अधिक ओझे लादू नये, दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यावी आणि पारा सदतीस अंशांच्या वर गेल्यावर दुपारी बारा ते तीन काम थांबवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. मर्यादा सामानासाठी सांगितली असली, तरी घोड्याच्या पाठीला सामान आणि पर्यटक यांतला फरक कळत नाही. नव्वद किलोचा प्रवासी ठेंगण्या तट्टावर सहकुटुंब फोटो काढून घेतो, तेव्हा तो या आकड्याच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो. आणि १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. माथेरानच्या बाजारात तेवढ्यात चिक्कीचे पाकीटही येणार नाही.

पर्यटकालाही यात सोडून देता येत नाही. स्वस्त घोडा मागणारा आणि घोडा हळू चालतो म्हणून कुरकुरणारा तोच असतो. परवान्याच्या बिल्ल्याबरोबर शेवटच्या आरोग्य तपासणीची आणि धनुर्वाताच्या लसीची तारीख घोड्याच्या गळ्यात टांगली, तर ती वाचणारे ग्राहक हळूहळू तयार होतील. हॉटेलच्या खोलीचे शेरे वाचून मगच आरक्षण करणाऱ्या पिढीला हे शिकवावे लागणार नाही.

दरवर्षी दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. मारवाड, काठेवाड, पंजाब, सिंध जातीची हजारो जनावरे काही आठवडे एकाच मैदानावर उभी असतात, एकाच पाणवठ्यावर पितात आणि मग नव्या मालकांबरोबर चहूदिशांना पांगतात. बातम्यांत झळकते ती लाखोंची किंमत सांगितलेली एखादी घोडी आणि तिचा रोजचा दुधाचा खुराक. राज्यातील घोड्यांचे रक्तनमुने घेण्यासाठी, लसीकरणासाठी आणि मालकांशी चार शब्द बोलण्यासाठी एवढी मोठी संधी वर्षातून दुसरी येत नाही. बाजारात शिरणाऱ्या प्रत्येक घोड्याची ग्लँडर्स चाचणी सक्तीची करायला नवा कायदा लागणार नाही. जनावरांचे बाजार, जत्रा आणि तपासणी नाके यांच्या नियंत्रणाचे अधिकार २००९ च्या कायद्यात राज्य सरकारला आधीच दिलेले आहेत.